कोपऱ्यातली जास्वंद

"आणखी काय करायचं राहिलंय माझं, तेवढं सांगा बुवा."

बाई दारातूनच विचारत आली. चपला काढायच्या आधी प्रश्न.

बुवा ओसरीवर उन्हाला बसले होते. अंगावर घोंगडी, कानाला मफलर. सकाळपासून त्यांना धाप होती.

"बसा," ते म्हणाले.

"बसायला वेळ नाही."

"मग उभ्यानं सांगा."

बुवा म्हणजे आमचे अच्युतबुवा. पठारावरच्या या लहानशा मठाच्या गादीवर तेच. गादी कसली, एक घोंगडी आणि एक लोड. मी रंगनाथ. झाडलोट, चूल आणि कुंड्या उचलणं ही माझी कामं. कुंड्या उचलूनच कंबर गेली, तेव्हा आधीच सांगून ठेवतो, मी जरा कुरकुरतो.

बाईचं नाव शालन. खाली बाजारपेठेत लोकरी टोप्या-स्वेटरचं दुकान. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दोन मुली. मोठी वृषाली, लग्न होऊन पुण्याला दिलेली.

"तिचं बाळ गेलं," शालनबाई म्हणाली. "आठ दिवसांचं होतं. महिना झाला नाही तोवर सासरचे आणून सोडून गेले. चार दिवस माहेरी राहू दे म्हणाले. आता दिवाळी होऊन गेली. कुणी फिरकलं नाही."

"आणि ती?"

"भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. बोलत नाही. उठवलं तर उठते, भरवलं तर खाते... नाहीतर नाही."

बुवा ऐकत होते.

"मी काही ठेवलं नाही बुवा. साताऱ्याचे डॉक्टर केले. नवस केला. सोमवार धरले. दर दोन तासांनी काहीतरी खायला घालते. केस मी विंचरते. तिच्याशी सारखी बोलत असते, गप्प म्हणून बसू देत नाही. रात्री तिचा हात हातात धरून झोपते. तिच्या ताटातलं शीत न् शीत मला ठाऊक असतं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गोळ्या चालू ठेवा आणि वेळ द्या म्हणाले."

"मग?"

"मग काय? वेळ दिल्यानं कुणी बरं होतं का?"

बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा आणायला उठलो.

"गोळ्या बंद करू नका," ते म्हणाले. "घरात आणखी कोण असतं?"

"धाकटी आहे की. सोनल. जॅमच्या कारखान्यात जाते बाटल्या भरायला. घरी आली की ताईपाशी बसते. तिचं काही नाही. ती खंबीर आहे."

एवढ्यात फोन वाजला. बाईच्या एका हातात पिशवी, दुसऱ्यात नारळ. तिनं फोन कट्ट्यावर ठेवून स्पीकर लावला.

"आई, ताईनं उपमा खाल्ला थोडा. दूध नको म्हणाली."

"थोडा म्हणजे किती?"

"चार-पाच चमचे असेल."

"लिंबू पिळलं होतंस का? लिंबाशिवाय ती खात नाही, किती वेळा सांगू."

"पिळलं होतं. आई, मला जरा..."

"बरं, ठेवते."

आणि ठेवला. पोरीचं वाक्य तसंच राहिलं.

मी चहा पुढे केला. तो तिनं उभ्यानंच घेतला, दोन घोटांत संपवला.

"दमलात?" बुवांनी विचारलं.

"मी?" शालनबाई हसली. "मी दमत नाही बुवा. मला दमायला सवड कुठंय? सगळी पेठ म्हणते, शालन होती म्हणून पोर जिवंत आहे."

इतर बायका पाटल्या दाखवतात ना हात पुढे करून, तसं म्हणाली. डोळ्यांखाली मात्र काळं झालेलं होतं. लुगड्याची निरी उलटी आलेली.

बुवांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "रंगा, पडवीतल्या दोन कुंड्या दाखव बाईंना."

मला वाटलंच होतं.

ही आमच्या मठाची रीत. बुवांचे गुरू कोकणातले. घाट चढून वर आले तेव्हा सोबत काय आणलं, तर चाफ्याची एक फांदी आणि जास्वंदीचं रोप, ओल्या गोणपाटात गुंडाळून. बरोबर भांडं नाही, अंथरूण नाही. कोकणची झाडं ती, त्यांना थंडी ठाऊक नाही. इथं पौषात तळ्याकाठचं गवत सकाळी पांढरंफटक पडतं. पहिल्याच हिवाळ्यात जास्वंद करपली. ती मुळातून फुटली म्हणून वाचली.

तेव्हापासून तुळशीचं लग्न लागलं की कुंड्या पडवीत घ्यायच्या आणि होळी झाली की बाहेर काढायच्या. पडवीला काचा आहेत, कुणा भक्तानं लावून दिलेल्या. तिथं दिवसभर ऊन येतं. आत घेताना, बाहेर काढताना माझी कंबर बोलते. पण ऐकायला कोण?

आणि दुसरी रीत अशी, की हिवाळ्यात कुणी जड प्रश्न घेऊन आलं तर बुवा त्याच्या हवाली कुंडी करतात. अंगारा नाही, मंत्र नाही. लोक नाराज होतात. एकजण तर मला म्हणाला, आम्ही काय माळीकाम शिकायला आलो का?

शालनबाई पडवीत आली. पुढेच चाफा. पानं सगळी गळलेली, राखाडी बोटांसारख्या नुसत्या फांद्या. त्याच्या शेजारी जास्वंद, हिरवीगार. एक फूल उमललेलं, बाकी कळ्या.

"हा वाळलाय," ती चाफ्याला हात लावून म्हणाली.

"झोपलाय," बुवा मागून काठी टेकत आले. "थंडीत पानं टाकतो आणि झोपतो. होळीपर्यंत याला काही लागत नाही. पाणीसुद्धा नाही. ही जास्वंद मात्र जागी आहे. हिला ऊन द्यायचं, कोमट पाणी द्यायचं. रोज एकदा पानं उलटून बघायची. होळीपर्यंत दोन्ही तुमच्याकडे."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि वृषालीचं?"

बुवा वळून उन्हात जाऊन बसले होते.

शालनबाई रोज यायला लागली. दुकान उघडायच्या आधी चढण चढून यायची. त्या बाबतीत तिला नावं ठेवायला जागा नाही. धुकं असो, बोचरा वारा असो, ती आलीच.

आली की आधी चाफ्यापाशी.

पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मातीत बोट घालून म्हणाली, "अहो रंगनाथकाका, कोरडीठाक आहे की माती."

"असू दे. बुवांनी सांगितलंय ना."

"घोटभर घालते. घोटभरानं काय होतंय?"

घोटाचा तांब्या झाला. तांब्याची कळशी झाली. मग ताक आलं. मग शेंगदाण्याची पेंड भिजवून आणली, पडवीत उभं राहवेना असा वास. कुंडीभोवती जुनी शाल गुंडाळली. चाफ्याशी बोलायचीसुद्धा. "फूट रे बाबा, एक तरी पान दाव."

चाफा कसला फुटतोय.

चाफ्याला ऊन कमी पडतंय असं तिला वाटलं. खिडकीजवळ एकच चांगली जागा. तिथं जास्वंद होती. ती तिनं ओढून पलीकडच्या कोपऱ्यात सरकवली, गोवऱ्यांच्या पोत्यांमागे.

"तिला काय झालंय?" म्हणाली. "ती चांगली हिरवी आहे."

मला राहवलं नाही. बुवांकडे गेलो.

"सांगू का तिला?"

"मी सांगितलंय."

"ती ऐकत नाही म्हणून म्हणतो."

"मग तू सांगून ऐकेल?"

"अहो, तुमच्या गुरूंच्या हातचा चाफा आहे तो. पाणी पाजून पाजून मारील ती त्याला."

बुवांनी डोळे मिटले. छाती वर-खाली होत होती.

"माझाही जीव तुटतो रंगा..." ते म्हणाले.

मी उठता उठता पुटपुटलो, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"म्हण आठवली म्हणजे तुला कळलं, असं समजू नकोस," बुवा डोळे न उघडता म्हणाले.

घ्या. झाडलोट करा, कुंड्या उचला, वर हे ऐका.

जास्वंदीला मी पाणी घालू का, असंही विचारलं. तर म्हणाले, "मुळं सुकू देऊ नकोस. त्याच्यापलीकडे हात लावू नकोस." मग मी तेवढंच करायचो, आठवड्यातून एखाद वेळा, चूळभर. बाकी ती पोत्यांमागे अंधारातच. पडवी झाडताना तिच्या खाली कळ्या सापडायच्या. न उमलता गळलेल्या. मी त्या केरात टाकायला निघालो की बुवा हात पुढे करायचे. मी त्यांच्या हातावर ठेवायचो. ते उपरण्याच्या टोकाला बांधायचे. का, ते विचारायची सोय नाही.

त्याच दिवसांत एकदा दिव्याचं तेल आणायला मी पेठेत उतरलो. परत येताना स्टँडवरून आलो. बाकावर सोनल बसलेली. मी तिला ओळखतो, लहानपणी रामनवमीला सुंठवडा न्यायला यायची. कारखान्याचा निळा डगला अंगात, मांडीवर डबा उघडा. डब्यातलं तसंच होतं. गाड्या येत होत्या, जात होत्या, ती बघत होती.

"कुठं निघालीस गं?"

"कुठं नाही काका. बसलेय."

"घरी नाही जायचं?"

"जायचंय की." मग थोड्या वेळानं म्हणाली, "काका, इथून पुण्याला शेवटची गाडी कधी असते?"

"कशाला?"

"असंच."

डबा मिटला आणि गेली. चालताना पाय ओढत होती. विशीतली पोर, पण चाल माझ्यासारखी.

मी बुवांना सांगितलं. ते म्हणाले, "आईला सांगितलंस?"

"सांगितलं. तर म्हणाली, कारखान्यातून येताना बसली असेल दोन मिनिटं. आणि लगेच चाफ्याकडे वळली."

बुवांनी मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पौष निम्मा सरला. एक दिवस उठून बघतो तर तळ्याकाठ पांढरा झालेला. हात धुवायला पाणी घेतलं तर बोटं बधिरली. ऊन चांगलं वर आलं, दुपारकडे झुकलं, तरी शालनबाईचा पत्ता नाही. आली ती उशिरा, दुकान अर्ध्यात बंद करून. रात्रभर मोठीजवळ जागी होती म्हणे.

नेहमीसारखी चाफ्यापाशी गेली, शाल सोडली. फांदीला हात लावला.

चाफा कलला. हळूहळू कलला आणि तिच्या अंगावर आला.

ती ओरडली नाही. त्याला दोन्ही हातांनी धरून तशीच खाली बसली. मी धावलो. खोडाचा बुंधा काळा पडलेला, दाबला तर बोट आत जात होतं. कुजका वास सुटला.

"बुवा," मी हाक मारली. "या जरा."

बुवा कोयती घेऊनच आले. वाट बघत असल्यासारखे. धाप लागली होती, तरी खाली बसले. चाफा तिच्या मांडीवरून घेतला, बुंध्यापासून वीतभर सोडून कोयती मारली. आत काळं. आणखी वर मारली. तपकिरी. आणखी वर. तिसऱ्या घावाला आत पांढरंशुभ्र लागलं आणि चीक ठिबकायला लागला.

हातभर फांदी उरली. माणसापेक्षा उंच झाड होतं ते.

मी तोंड फिरवलं. वाईट वाटलं मला, का खोटं बोलू? त्या झाडाच्या फुलांनी मी किती वर्षं पूजा मांडली होती.

बुवांनी ती फांदी कोनाड्यात आडवी ठेवली.

"माती आणू?" शालनबाईनं विचारलं.

"नको."

"पाण्यात ठेवू?"

"नको."

"मग मी काय करू?"

"याचं? काही नाही. होळीपर्यंत असाच पडू दे. मग मातीत खोचू."

"जगेल?"

"माहीत नाही."

ती कोनाड्याकडे बघत राहिली...

"सगळं केलं हो मी," ती म्हणाली. "माझ्या पोटच्या पोरीसारखं केलं."

"होय."

"पाणी दिलं, खत दिलं, ऊब दिली. एक दिवस चुकले नाही."

"होय. बघितलंय मी."

मग ती रडायला लागली. पदर तोंडात धरून, खांदे हलवत. मी इतके दिवस तिच्यावर चिडलेलो, पण ते रडणं बघवेना. बुवा शेजारी बसून होते. तिला गप्प केलं नाही त्यांनी, पाठीवर हातही ठेवला नाही. नुसते बसले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "दमले मी बुवा."

"हं."

"फार दमले."

"मी पण," बुवा म्हणाले.

ती जरा चकित होऊन त्यांच्याकडे बघायला लागली.

"जास्वंद कुठंय?" बुवांनी विचारलं.

"अं?"

"दोन कुंड्या दिल्या होत्या."

तिनं खिडकीकडे बघितलं. मग इकडंतिकडं. मग तिला आठवलं. उठली आणि पोत्यांमागं गेली. कुंडी ओढत ओढत उजेडात आणली.

हिरवीगार जास्वंद ती. पानं पिवळी पडलेली, निम्मी गळलेली. देठांच्या बेचक्यांत कापसासारखी पांढरी कीड. फूल एकही नाही.

"ही..." शालनबाई म्हणाली. "ही तर चांगली होती."

तिनं एक पिवळं पान उलटून बघितलं.

"हिरवी होती, म्हणून मी..."

बुवांनी उपरण्याची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, म्हाताऱ्या बोटांना सुटेना, तरी माझ्याकडे दिली नाही. सुटली तेव्हा टोक तिच्यापुढे फरशीवर पसरलं. वाळलेल्या कळ्या. ओंजळभर असतील. लाल रंग नुसता टोकाला उरलेला.

"कशाच्या आहेत?"

"हिच्याच."

"कधी गळल्या?"

"रोज."

"मी रोज इथंच होते की..."

"होय."

तिनं एक कळी उचलली. पाकळ्या मिटलेल्या होत्या, बोटांत चुरा झाला.

फोन वाजला.

तिचे हात मातीनं, चिकानं माखलेले. कोपरानं पदर सारून तिनं फोन कुंडीच्या काठावर ठेवला आणि करंगळीनं स्पीकर लावला.

"आई, ताईनं भाकरी खाल्ली अर्धी." सोनलचा आवाज. मागं कसला तरी गलका होता. "वरण नको म्हणाली. गोळी दिली. झोपलीय आता. शेजारच्या मंगलकाकूंना बसवलंय तिच्यापाशी."

"बरं..."

शालनबाईची करंगळी सवयीनं फोनकडे गेली. तिथंच थांबली. तिची नजर कळ्यांवर होती.

"सोनल..."

"काय?"

"तू काही खाल्लंस का?"

पलीकडून नुसता गलका. त्यात भोंग्यावरचा माणूस अडखळत बोलत होता, स्वारगेटला जाणारी गाडी फलाटाला लागली आहे, प्रवाशांनी...

"आई?" सोनल म्हणाली. आवाज घाबरलेला. "आई, काय झालं? तू बरी आहेस ना?"

शालनबाईनं डोळे मिटले. एवढं साधं विचारलं, तर पोरीला वाटलं, आईला काहीतरी झालं. ते मला कळलं, तिलाही कळलं असणार.

"मी बरी आहे. तू कुठं आहेस?"

...

"सोनल, कुठं आहेस?"

"स्टँडवर."

"कशाला?"

"ताईचं सगळं करून आलेय मी, आई. गोळी दिलीय. दुपारचं काकूंना सांगून ठेवलंय. चिवड्याचा डबा खालच्या फळीला आहे, तिला मधेच लागतो..."

"ताईचं राहू दे."

गाडीचं इंजिन धडधडत होतं. कुणीतरी पत्र्यावर हात आपटला.

"बाळा..."

तेवढं म्हटलं आणि पलीकडून हुंदका आला. एकच. दाबलेला. मग नाक ओढल्याचा आवाज.

शालनबाई ताडकन उठली. पायात चपला नव्हत्या, दारच्या चपला तिला दिसेनात.

"तिथंच थांब," ती फोनवर वाकून म्हणाली. "गाडीत चढू नकोस. मी आलेच. आलेच मी पळत. ठेवते हं, ठेव..."

बुवांनी तिचं मनगट धरलं. इतक्या पटकन हात पुढे आलेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"ठेवू नको," ते म्हणाले. "कानाला धर, आणि चालायला लाग."